टॅमॉक्सिफेन थांबवायला सांगणारा संदेश

मावशीच्या औषधांच्या डबीत स्तनाच्या कर्करोगासाठी तिला दिलेल्या टॅमॉक्सिफेनच्या पट्टीतील नऊ गोळ्या जशाच्या तशा दिसल्या. कारण विचारले तेव्हा तिने मोबाइल पुढे केला. त्यातील संदेशाचे म्हणणे असे, की शरीरातील हार्मोन्स कर्करोगापासून रक्षण करतात, प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-ए हे कवच मोडून शरीरात कायमचे साठते, टॅमॉक्सिफेनही त्याच जातीचे रसायन असून त्याने गर्भाशयाचा कर्करोग होतो. म्हणून गोळ्या थांबवाव्यात आणि सात दिवस भाज्यांचा रस पिऊन सारे विष बाहेर काढावे.

कवचाच्या गोष्टीत अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे होणाऱ्या वाढीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोन आवर घालते. बाहेरून आलेला हार्मोनसदृश पदार्थ किती घात करतो, तेही डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनने दाखवले आहे: गरोदरपणी ते औषध घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींना तरुणपणी योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचे 1971 मध्ये उघडकीस आले. पण मावशीच्या स्तनातील गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन जिथे येऊन चिकटते त्या जागा, होते. त्या गाठीचे इस्ट्रोजेनवरच पोषण होत होते.

टॅमॉक्सिफेन हार्मोनच्या कामात अडथळा आणते, हे खरेच, आणि त्यासाठीच ते दिले जाते! स्तनाच्या पेशीतील रिसेप्टरवर ते स्वतःच ठाण मांडते, त्यामुळे इस्ट्रोजेनला तेथे जागा उरत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2011 साली 20 चाचण्यांतील 21,457 स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. अशा रिसेप्टरयुक्त गाठी असलेल्या स्त्रियांनी सुमारे 5 वर्षे ही गोळी घेतली, तेव्हा पहिल्या 15 वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने घटले, आणि गोळ्या संपल्यानंतरही काही वर्षे रोग उलटण्याचे प्रमाण कमीच राहिले. गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका खोटा नाही, कारण तेथे हेच औषध इस्ट्रोजेनसारखे वागते; तो मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांत वाढतो. म्हणूनच अवेळी रक्तस्राव झाल्यास डॉक्टरांना लगेच सांगायचे असते. गोळी परस्पर बंद करायची नसते.

उरले बिस्फेनॉल-ए. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्ये त्याची दैनंदिन मर्यादा 20,000 पटींनी खाली आणली, तेव्हा गरम अन्न प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवू नये, एवढे ऐकायला हरकत नाही. मात्र ते साठत नाही: पोटात गेलेले बहुतांश एका दिवसात लघवीवाटे निघून जाते, आणि रोज नव्याने आत जाते म्हणून तपासणीत सतत सापडते. सात दिवस रस पिऊन काढायला ते तेथे थांबलेलेच नसते.