पायथन टाइप केल्यावर स्टोअर उघडतं? विंडोज फॉरमॅट करू नका

‘पायथन इन्स्टॉल करूनही कमांड प्रॉम्प्टवर पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, म्हणजे विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारा,’ असा मेसेज विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. फॉरमॅटमध्ये प्रोजेक्टच्या फायली मात्र हकनाक जातील.

मे 2019 च्या अपडेटपासून विंडोज 10 मध्ये पायथन नावाची एक छोटी फाइल आधीच असते. तिचं काम स्टोअर उघडणं, एवढंच. खरं पायथन पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, नसेल, तर विंडोजला हीच फाइल सापडते. इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर, तळाशी, पाथचा चौकोन असतो. त्यावर टिक आपोआप नसते आणि घाईत तो हमखास सुटतो.

तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा, ‘मॉडिफाय’ निवडा, ‘नेक्स्ट’ दाबून पुढच्या पानावर ‘ॲड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’वर टिक करा. मग कमांड प्रॉम्प्टची जुनी खिडकी बंद करून नवी उघडा; जुनीला बदललेला पाथ दिसत नाही, आणि इथेच बरेच जण ‘जमलं नाही’ म्हणून सोडून देतात. तरीही स्टोअर उघडलं, तर सेटिंग्जमधल्या ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’मध्ये पायथनची बटणं बंद करा.

हा मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.