नैराश्य घ्या, पण चोवीस तासांचं

सोलापुरात मन बिघडायला कारणं कमी नाहीत. चार दिवसांआड येणारं पाणी, मेमधलं ऊन, चादरीची ऑर्डर आली तरी न येणारं पेमेंट. मात्र बिघडवण्याआधी आरोग्य विम्याची पॉलिसी वाचून घ्या. पहिलं पान नको, तिथं हसरं कुटुंब असतं. मागची बारीक अक्षरं वाचा.

कायद्याबद्दल निर्धास्त राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे आणि त्याच ऑगस्टमध्ये विमा नियामकानं कंपन्यांना तसं परिपत्रकही काढलं. कंपन्यांनी समानता अगदी मनापासून पाळली. शारीरिक आजारात त्या ओपीडीचे, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचे, पैसे देत नव्हत्या, आता मानसिक आजारातही देत नाहीत.

अडचण एवढीच की अपेंडिक्स पलंगावर निघतं आणि नैराश्य खुर्चीवर. हिशेब मांडा. महिन्यातून एकदा डॉक्टर, सहाशे धरा. आठवड्याला एक समुपदेशन, आठशेप्रमाणे बत्तीसशे. गोळ्या नऊशे. महिन्याचे ४,७००, वर्षाचे ५६,४००. विमा कंपनीकडून येणारी रक्कम: शून्य. ओपीडीचा रायडर, म्हणजे जादा हप्त्याचं जोडकलम, विकत मिळतो, पण त्याची वार्षिक मर्यादा आधी बघा. कित्येकदा ती गोळ्यांनाही पुरत नाही.

म्हणून शहाण्या माणसानं नैराश्य घ्यावं ते चोवीस तासांचं. तेवढा वेळ ॲडमिट राहिलात की आजार खरा ठरतो. शिवाय बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरतात, म्हणजे त्याच आजाराची तपासणी, डॉक्टरची फी आणि गोळ्यांची बिलं मागता येतात. पलंगाला पाठ लागली की तीन महिन्यांची खुर्ची पवित्र होते. समुपदेशकाची पावती मात्र त्या पावित्र्यात बसेलच असं नाही. पॉलिसीच्या व्याख्येत ‘डॉक्टर’ म्हणजे वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी पुनर्वास परिषदेकडे असते. कंपनीच्या लेखी बोलून बरं करणारा माणूस डॉक्टर नाही, औषधाची चिठ्ठी लिहिणारा तेवढा डॉक्टर. तेव्हा समुपदेशन डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यानं आणि त्याच रुग्णालयाच्या बिलात घ्या. मिळालं तर असंच मिळतं.

दवाखाना निवडताना नोंदणी विचारा. नोंदणी नसेल तर खाटा मोजतात: दहा लाखांच्या आतल्या गावात किमान १०, बाकी ठिकाणी १५. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं, त्यामुळे आपल्याला दहात भागतं. गावानं आणखी पन्नास हजार माणसं जमवली की तोच दहा खाटांचा दवाखाना क्लेमपुरता दवाखाना राहणार नाही. खोलीही बेतानं घ्या. भाड्याची मर्यादा विम्याच्या १ टक्का असेल तर तीन लाखांवर दिवसाला तीन हजार. सहा हजारांची खोली घेतली की नुसतं भाडंच नव्हे, डॉक्टरच्या व्हिजिटचे पैसेसुद्धा कंपनी त्याच प्रमाणात निम्मेच देते.

आता शब्द सांभाळा, कारण क्लेम शब्दांवर मरतात. ‘निरीक्षणासाठी दाखल’ असं डिस्चार्ज कार्डावर आलं की पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीतला कोड एक्सक्ल ०४: केवळ तपासणीसाठी भरती, नामंजूर. ‘विश्रांतीची गरज’ आलं की एक्सक्ल ०५. डॉक्टरांना घरी उपचार का शक्य नव्हते ते स्पष्ट लिहायला सांगा: किती दिवस जेवण नाही, किती रात्री झोप नाही, जिवाला धोका होता का, कोणतं औषध देखरेखीखाली सुरू केलं. डॉक्टरांना हे ठाऊक असतंच. रांगेत पन्नास पेशंट असल्यानं लिहायचं राहतं.

त्याहून जपा ते सोबत आलेल्या आत्याला. ‘कधीपासून त्रास आहे?’ असं विचारल्यावर ती कौतुकानं म्हणते, ‘लहानपणापासूनच जरा अबोल आहे की.’ केसपेपरवर ‘बालपणापासून’ उमटतं आणि कंपनीला जुना आजार सापडतो. नियम तसा नाही. पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरनं निदान केलेलं असेल किंवा उपचार घेतलेले, सुचवलेले असतील तरच तो जुना आजार. अबोल असणं हे निदान नव्हे. हे कंपनीला लेखी कळवा आणि डॉक्टरांकडून निदानाच्या तारखेचं पत्र जोडा.

खरंच आधीपासून गोळ्या चालू असतील तर एजंट सांगेल, ‘लिहू नका, भानगड होईल.’ त्याचं जरूर ऐका. क्लेमच्या दिवशी त्याचा फोन लागणार नाही आणि कंपनी तुमचे जुने केसपेपर बरोबर शोधून काढेल. मग क्लेमही जातो, पॉलिसीही जाते. लिहून दिलंत तर जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. तेवढं थांबायला नैराश्य राजी आहे का ते विचारून घ्या. सलग ६० महिने हप्ता भरलात की मात्र फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुनं उकरता येत नाही.

दारू हे वेगळंच प्रकरण. कायद्याच्या व्याख्येत व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारातच येतात. पॉलिसीच्या एक्सक्ल १२ मध्ये व्यसन आणि त्याचे परिणाम वगळलेले असतात. दोन्ही कागद सरकारमान्य आहेत. हप्ता भरताना पहिला वाचायचा, क्लेम आला की दुसरा.

क्लेम नाकारला तर नाराज होऊ नका, त्याचे पैसे मिळत नाहीत. नकार लेखी मागा, कलमासकट. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा आणि ३० दिवस वाट बघा. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपाल, म्हणजे कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. आपला जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो, नारायण पेठेत. हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढायची घाई नको, तक्रार ऑनलाइन करता येते. ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील लागत नाही. ही सोय एजंटच्या माहितीपत्रकात का नसते, याचा विचार रात्री करू नका, झोप जाते आणि झोपेच्या गोळ्या ओपीडीत मोडतात. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये मानसिक आजाराचा क्लेम नाकारणाऱ्या कंपनीला कलम २१(४) वाचून दाखवलं होतं; अर्जात त्याचा उल्लेख करा, वजन पडतं.

आणि हे सगळं ज्यांना झेपणार नाही, कारण मुळात झेपत नाही म्हणूनच तर ते डॉक्टरकडे निघालेत, त्यांनी सिव्हिलला केसपेपर काढून मानसोपचार विभागात बसावं. गोळीचं घटकनाव लिहून घ्यावं आणि जनऔषधी केंद्रात विचारावं, ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त पडते. रात्री-अपरात्री जीव नको झाला तर १४४१६, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत, पॉलिसी नंबर विचारत नाहीत, चोवीस तास चालू असतं. ते चोवीस तास मात्र क्लेममध्ये धरत नाहीत.