मुलीला काही कळू दिलेले नाही, म्हणे!

परवा कट्ट्यावर वादाला तोंड फुटले ते एका मित्राच्या तक्रारीवरून. त्याची नोकरी सुटल्यापासून त्याची सहा वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओले करू लागली होती आणि तो नजरेआड झाला की रडून आकांत मांडत होती. “तिला आम्ही काहीच कळू दिलेले नाही, तरी ही तऱ्हा,” असे तो म्हणाला आणि आमच्यात दोन तट पडले.

एकाचे मत रोखठोक होते: अशा वेळी सैल सोडले की मूल डोक्यावर बसते. समुपदेशन करणाऱ्या मैत्रिणीने त्याला तिथेच अडवले. ताणाखाली लहान मूल मागच्या वयाच्या सवयींकडे वळते, त्यात हट्ट नसतो, आणि शिक्षा केल्यास मूळ भीतीत लाजेची भर पडते, असे तिचे म्हणणे होते. मात्र लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठ नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घे, असेही तिने बजावले.

खरी खडाजंगी झाली ती ‘कळू दिलेले नाही’ या शब्दांवरून. मैत्रिणीने मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या 1970च्या दशकातील प्रयोगाचा दाखला दिला. त्यात बाळाशी खेळणारी आई काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला परत बोलावू पाहते आणि शेवटी तोंड फिरवते. बोलताही न येणाऱ्या बाळाला एवढे कळते, तर सहा वर्षांच्या मुलीला बापाचा उतरलेला चेहरा कळणार नाही का? शिस्तवाल्याने पकडलेला मुद्दा मात्र मला बिनतोड वाटला: “चेहरा कळला म्हणून नोकरीचे ओझे तिच्या डोक्यावर कशाला? दुसऱ्या महायुद्धात लंडनमधल्या मुलांना सांभाळणाऱ्या बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांना बॉम्बपेक्षा घरच्यांपासूनची ताटातूट मुलांना अधिक हादरवते, असेच दिसले होते ना? मग जवळ बसणे पुरे.”

त्यावर मैत्रीण म्हणाली, “जवळ बसच, पण कारण सांगितले नाहीस, तर ती स्वतःच एखादे कारण शोधेल, आणि या वयात ते बहुधा ‘माझेच काहीतरी चुकले’ असे असते.” म्हणून बाबांचे काम सुटले आहे, ते नवे शोधत आहेत, यात तुझी काही चूक नाही आणि तुला आम्ही सांभाळणार आहोत, इतके सांगावे, कर्जाचे हिशेब आणि नवरा-बायकोची भांडणे तिच्यापुढे मांडू नयेत. (मी स्वतः घरी दात आवळून ‘काही नाही’ म्हणत असल्यामुळे इथे गप्प राहिलो.)

शिस्तवाला अगदीच चुकीचा होता, असे मात्र नाही. राग येऊ द्यावा, पण मारू देऊ नये, हा नियम वाईट दिवसांतही तसाच राहिला पाहिजे. झोपेचेही तेच: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप लागते, आणि घर विस्कटले की पहिली वेळ चुकते ती झोपेचीच.

“आणि महिनाभरात काम मिळेल, असे तिला सांगू का?” मित्राने विचारले. यावर मात्र दोघेही एकदमच ‘नको’ म्हणाले.