दुप्पट इन्सुलिन, गरम टॉवेल आणि मावशीची चिंगी

रामबागेतल्या माझ्या मावशीला परवा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: 'डायबेटिसच्या कुत्र्याला रोज दोन सुया कशाला? सकाळीच दुप्पट इन्सुलिन टोचा, ती जागा गरम टॉवेलने पाच मिनिटं चोळा, संध्याकाळी सुट्टी. सिरिंज कुठलीही चालते. जोडीला कारल्याचा रस.' मी पोहोचले तेव्हा मावशीने तिच्या डायबेटिसवाल्या कुत्रीसाठी, चिंगीसाठी, टॉवेल गरम पाण्यात बुडवलाही होता.

मोठा डोस कातडीखाली जास्त वेळ रेंगाळतो, एवढं खरं आहे. बाटलीतले इन्सुलिनचे रेणू झिंकभोवती सहा-सहाच्या गटांत बांधलेले असतात. असा गट केशवाहिनीत, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिनीत, सहज शिरत नाही. तो आधी पातळ होऊन दोन-दोनात, मग सुटा व्हावा लागतो. साठा जितका मोठा आणि दाट, तितकं हे सुटणं संथ. मोसेकिल्डे या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये विरघळलेल्या इन्सुलिनच्या शोषणाचं गणिती मॉडेल मांडलं, त्याचा गाभा हाच. दुधासारख्या गढूळ दिसणाऱ्या इन्सुलिनमध्ये तर आधी कणही विरघळायचे असतात. पण रेंगाळलं तरी दुप्पट टोचलेलं शेवटी रक्तातच जाणार ना? सकाळ-संध्याकाळ वाटून द्यायचं इन्सुलिन चिंगीच्या एवढ्याशा अंगात एकाच दिवसभरात उतरणार, साखर धाडकन खाली येणार.

आणि वर टॉवेल! शेकलं, चोळलं की त्या जागी रक्त जास्त खेळतं आणि इन्सुलिन भराभर उचललं जातं. म्हणजे टिकावं म्हणून साठा मोठा करायचा आणि लगेच तोच उपसायचा. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःची दोन वाक्यं तरी शेजारी ठेवून वाचायची होती! साखर घसरली की कुत्रं थरथरतं, पाय लटपटतात, आकडी येते, जीवही जातो.

सिरिंजचं म्हणाल तर लाल टोपणाची दर मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपणाची १०० युनिटवाल्यासाठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट जातं. कारल्याबद्दल काय बोलणार? डायबेटिस झालेल्या बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळपास उरलेलंच नसतं, ते काही कारल्याच्या रसाने भरून निघत नाही.

मावशी, बारा-बारा तासांनी, खाणं झाल्यावर, डॉक्टरांनी सांगितलेलेच युनिट. रोज जागा थोडी बदल. चिंगी थरथरायला लागली तर हिरड्यांना मध चोळ आणि लगेच डॉक्टरांना फोन कर, मग मला.