कठीण, पण कुणाला?

लेखात जपानीला सर्वांत कठीण भाषांत बसवलंय. अहो, जपानी शिकायला लागतात म्हणून सांगितलेले अमेरिकी परराष्ट्र खात्याचे ते २,२०० तास इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आहेत! दादरला क्लास लावला तेव्हा मला वाक्यरचना जडच गेली नाही. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु' म्हणजे 'मी भात खातो'. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, आणि 'ला', 'त', 'हून'सारखे प्रत्यय शब्दाच्या शेपटाला. घाम फोडला तो कांजींनी, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांनी. नेहमीच्या वापरातल्याच २,१३६, वर बहुतेकींचे दोन-तीन उच्चार! विरार लोकलमध्ये उभ्यानं कार्डं घोकली, तरी निम्म्या विसरलो.

बायको जर्मन शिकतेय. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत म्हणून खुशीत होती. मग कळलं, चमचा तिकडेही 'तो', पण काटा 'ती' आणि सुरी 'ते'.