लेथ काका

वाइंडिंगच्या दुकानात दिलेल्या माझ्या लेथच्या मोटारीच्या पायाला तारेनं एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता आणि त्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, ‘लेथ काका. सवडीनं.’ शेजारच्या मोटारीवर ‘ऊस, अर्जंट’ होतं. त्यापलीकडं एका गिरणीची मोटार, तीही अर्जंट. कुणाच्या तरी मिक्सरलासुद्धा ‘संध्या. ५’ अशी वेळ दिलेली. मी घरी येऊन हे सगळं बायकोला तावातावानं सांगितलं. ती म्हणाली, “बरोबरच लिहिलंय की.” हा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. निवृत्तीनंतर मी एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुना बटाला बनावटीचा साडेचार फुटी लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, घेतला. परसातल्या पत्र्याच्या खोलीत तो बसवला. त्याची मोटार एक एचपी, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, १४४० आरपीएम. घरात लाइट सिंगल फेज. शिवाय वेग बदलायचा तर दर वेळी मोटार सैल करा, पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकवा, बोट चेमटवून घ्या. या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध आहे, व्हीएफडी. बोलीत नुसतं ‘ड्राइव्ह’. डब्याएवढी वस्तू. घरची सिंगल फेज आत घेते, तिची सव्वातीनशे व्होल्टची डीसी करते आणि त्यातून हवी तेवढ्या फ्रिक्वेन्सीची थ्री फेज बाहेर काढते. एक नॉब फिरवायचा, कातायचा तुकडा धरून फिरणारा चक हळू. उलटा फिरवायचा, चक जोरात. पट्ट्याला हात लावायला नको.

गोची एकच होती. मोटारीच्या टर्मिनल बॉक्सातून तीनच वायरी बाहेर आल्या होत्या. आपल्याकडच्या लहान मोटारी आतल्या आत स्टारमध्ये जोडलेल्या असतात. तीन टोकं बाहेर येतात आणि उरलेली तीन एकत्र पिळून, स्लीव्ह घालून, दोऱ्यानं आवळून, वर वार्निश ओतून वाइंडिंगमध्ये गाडलेली असतात. आता २३० व्होल्ट घेणारी ड्राइव्ह २३०च्या वर देणार कुठून? तेवढ्यावर ४१५ची स्टार मोटार फिरते, पण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, एक तृतीयांशावर येतो. कातायचं टूल तुकड्याला टेकलं की मोटार हुंकार देते आणि उभी राहते. म्हणून ती गाडलेली तीन टोकं उकरून बाहेर काढायची, सहा करायची आणि डेल्टा मारायचा, म्हणजे प्रत्येक वाइंडिंगला पुरते २३० मिळतात. हे नाजूक काम. त्यासाठी मोटार स्कूटरच्या पायाशी ठेवून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वाइंडिंगवाल्याकडं गेलो.

तिथं हे पाव्हणे बसले होते.

शिरोळकडचे शेतकरी. पांढरी टोपी, पायात कोल्हापुरी, मांडीवर पंपाचा स्टार्टर. त्यांची साडेसात एचपीची मोटार आत भाजून निघालेली. कारागिरानं माझी मोटार बाकावर घेतली आणि तोंड उघडायच्या आत पाव्हण्यांनीच विचारलं,

“जळली व्हय?”

“नाही.”

“बेरिंग गेलं?”

“नाही. चांगली चालते.”

पाव्हण्यांनी कारागिराकडं बघितलं. कारागीर वार्निशच्या डब्यात बघायला लागला.

“मग आणलीया कशाला?”

“वेग बदलता यावा म्हणून थोडं काम आहे.”

“वाढवायचाय?”

“नाही, मुख्य म्हणजे कमी करायचाय.”

तळहातावरची तंबाखू मळता मळता थांबली. “पैसं दिऊन कमी?”

“हो.”

“किती पैसं?”

मी आकडा सांगितला. बायकोला सांगितला होता तोच. खरा त्याच्या वर आहे.

“आवो सायेब, आमच्या डीपीवर आणा की ही मोटार! फुकटात हळू हुती. सांजच्याला सगळ्यांच्या चालू झाल्या की माझी नुसती कण्हती.”

दुकानात जे कोण होते ते सगळे हसले. मिक्सर घेऊन आलेल्या बाईसुद्धा. मग मी समजावायला गेलो. व्होल्टेज पडल्यानं मोटार धड हळू होत नाही, करंट ओढते आणि जळते, म्हणून तर तुम्ही आज इथं आहात. हळू करायची तर फ्रिक्वेन्सी उतरवावी लागते. पन्नासची पंचवीस केली की १४४०ची साधारण सातशेवर येते, आणि व्होल्टेजही त्याच हिशोबानं उतरवायचं.

“म्हंजे लाइटच हळू सोडायची,” पाव्हणे म्हणाले.

हे इतकं नेमकं होतं की मला रागच आला. मला हेच कळायला ड्राइव्हची पुस्तिका पुन्हा पुन्हा वाचावी लागली होती.

“मग पंख्याचा रेगुलेटर बसवा की. आमच्या सुनंनं बसवलाय. एक ते पाच.”

“तो हिला चालत नाही.”

“ह्यांच्या मिक्सरला बी हाय बटण. एक, दोन, तीन.”

“मिक्सरची मोटार वेगळी. तिला कार्बन ब्रश असतात.”

“शिलाई मशीनला तर नुसतं पायानं हुतंय.” हे कुणी अनोळखी माणसानं दारातून टाकलं आणि तो निघून गेला. तो कोण होता, कशाला आला होता, देव जाणे.

“बरं,” पाव्हणे समजुतीच्या सुरात म्हणाले, “आत्ता सध्या पट्टा बदलून हळू हुत न्हाई?”

“होतो.”

“मग?”

मी फेसिंगचं उदाहरण काढलं. शंभर मिलिमीटरची लोखंडी चकती तोंडावरून साफ करायची आहे. साध्या हायस्पीड टूलला मिनिटाला तीस मीटरची कटिंग स्पीड धरा. कडेला टूल असताना चक मिनिटाला पंचाण्णव फेरे पाहिजे. टूल मध्याकडं येईल तसा व्यास कमी होतो. पंचवीस मिलिमीटरवर आलं की तीनशेऐंशी फेरे पाहिजेत. तिथं मशीन थांबवून पट्टा बदलत बसलं तर चकतीवर जिना दिसतो. नॉब असेल तर एका हातानं टूल सरकवायचं, दुसऱ्या हातानं वेग चढवत न्यायचा. पृष्ठभाग आरशासारखा.

पाव्हण्यांनी सगळं ऐकून घेतलं. फार चांगलं ऐकलं. मान हलवली, तंबाखू दाढेत ठेवली आणि विचारलं,

“आन् ह्या चकत्या जात्यात कुठं?”

“कुठं म्हणजे?”

“इकता कुणाला?”

“कुणाला नाही.”

“मग करायचं काय त्येंचं?”

बाहेर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचं टुंटुं तेवढं ऐकू येत होतं. कारागिरानं माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. त्याला तो पुठ्ठा सुचला तो याच क्षणी, याबद्दल माझी खात्री आहे.

त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पाव्हण्यांनी माझी माहिती द्यायला सुरुवात केली. “हे सायेब. बँकेतनं रिटायर. चालती मोटार फोडाय आणलीया. हळू करायचीया.” नंतरच्या आवृत्तीत मोटार उलटीही फिरणार होती (ती फिरते, ड्राइव्हमध्ये सोय असते, पण हे मी त्यांना सांगितलं नव्हतं). त्याच्या पुढच्या आवृत्तीत पेन्शन किती मिळते याचा अंदाजही आला, आणि तो फारसा चुकीचा नव्हता. लोक मला वरपासून खालपर्यंत बघत आणि आपापली जळकी मोटार आणखी घट्ट धरत.

उसापुढं बोलायची सोय नाही. कोल्हापूर जिल्ह्यात माणूस कुणाशीही भांडेल, ऊस वाळतोय म्हटल्यावर गप्प बसतो. पाळी रात्रीची, पाणी आठ दिवसांनी, वर एक फेज गेली की कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटार रेटायची, हे सगळं त्या माणसाला रोजचं. त्यांची मोटार आधी व्हावी याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण मिक्सर? मिक्सर माझ्या आधी कोणत्या न्यायानं? चटणी पाट्यावर वाटता येते.

आणि तो ‘करायचं काय’ हा प्रश्न. जन्मभर बँकेत मी लोकांकडून ‘कर्जाचा उद्देश’ हा रकाना भरून घेतला, त्यामुळं उद्देश नावाच्या गोष्टीचं मला वावडं नाही. पण निदान आम्ही कर्ज तरी देत होतो. इथं पैसा माझा, लेथ माझा, खोली माझी, बोटं माझी, आणि खुलासा मात्र गावाला द्यायचा. आमच्या गल्लीत एकजण पहाटे साडेचारला उठून पन्हाळ्याला सायकल मारतो आणि तसाच परत येतो. त्याला कुणी विचारत नाही की पन्हाळ्यावरनं आणलंस काय. उलट त्याचा सत्कार झाला. मी एक पितळेचा भोवरा कातला, छान जड, मिनिटं-मिनिटं फिरतो. तर शेजारचे म्हणाले, बाजारात दहा रुपयाला मिळतो.

ड्राइव्ह घेतानाही हेच. काउंटरवरच्या पोरानं पहिला प्रश्न विचारला, “फर्मचं नाव?” फर्म नाही. “जीएसटी नंबर?” नाही. “मग बिल कुणाच्या नावानं?” माझ्या नावानं, माणसाच्या नावानं, पूर्वी बिलं माणसाच्या नावानं होत असत. तो मालकाला विचारून आला आणि म्हणाला, बिल देतो, पण घरगुती वापर असेल तर वॉरंटीचं आम्ही सांगू शकत नाही. वस्तू तीच, खोकं तेच, पैसे तेवढेच, किंबहुना मला सूटही नाही. पण मी त्यातून कमावणार नाही म्हणून ती बिघडली तर माझं मी बघायचं. कमावणाऱ्याचं नुकसान ते नुकसान. बाकीच्यांचं काय, हौस.

मोटार शेवटी मिळाली. किती दिवसांनी ते सांगत नाही, ऊसही एव्हाना पुरुषभर झाला असेल. काम मात्र कारागिरानं झकास केलं होतं. सहाही टोकांना वेगळ्या रंगाच्या स्लीव्ह, डाग नीट, वर नवीन वार्निश. जोडणी केली, डेल्टाच्या पट्ट्या टाकल्या, ड्राइव्हमध्ये मोटारीच्या पाटीवरचे आकडे भरले, करंटचा तेवढा डेल्टाच्या हिशोबानं. बटण दाबलं आणि घरातली सगळी लाइट गेली.

ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, पडला होता. ड्राइव्हच्या आत फिल्टर असतो, तो थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडतो. घरच्या ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीला वाटतं कुणीतरी चिकटलं. वायरमनला बोलावलं. त्यानं दोन उपाय सुचवले. एक, ईएलसीबी काढून टाका. दोन, अर्थिंगची वायर सोडा. म्हणजे माणूस खरोखर चिकटला तर कळू नये याची दोन्ही बाजूंनी व्यवस्था. मी नको म्हटल्यावर “मग तुमचं तुम्ही बघा” म्हणून गेला, आणि येण्याजाण्याचे घेऊन गेला. माझ्या ड्राइव्हला तो फिल्टर सोडवायचा एक स्क्रू आहे. पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. तो काढला आणि लेथ सुरू झाला.

आणि काय सुरू झाला! पन्नासला नेहमीसारखा. तीसला शांत. पंधरावर आणला तर चकचे तीन जबडे मोजता येत होते. त्याखाली मात्र मोटारीचा पंखाच हळू होतो आणि ती तापते, म्हणून जड कामाला लेथचा बॅक गिअर टाकायचाच, तो वेग उतरवून जोर वाढवतो. ड्राइव्ह बारीक शीळ घालते, तिचा शेजारच्या कुत्र्याला त्रास होतो. ते कुत्रंही रिकामंच असतं.

परवा दुपारी फाटकाशी मोटारसायकल थांबली. पाव्हणे! पत्ता वाइंडिंगवाल्यानं दिला होता. खिशातून पंपाचं गनमेटलचं बुश काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. “एवढं जरा आतनं घ्या. तुमचं मशीन मोकळंच असतंय न्हवं.”

घेतलं आतनं कातून. नाही कसं म्हणणार? पाव्हणे शेजारी उभे राहून वेग सांगत होते. “आता चढवा. आता हळू. आनी हळू करा की, एवढं पैसं घातल्यात.” मग म्हणाले, उलटं फिरवून दावा. मी म्हटलं, जुन्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो, झटक्यात उलटं फिरवलं तर सुटून पायावर येईल. पाव्हण्यांची निराशा झाली. “मग उलटं दिलंय कशाला?”

बुश शाफ्टवर घालून बघितलं. अंगठ्यानं दाबल्यावर सरकलं, आणि तिथंच बसलं. पाव्हण्यांनी ते उन्हात धरून बघितलं, कनवटीला हात घातला, आणि तो तसाच बाहेर काढला.

“तुमास्नी पैसं इचारलं तर वाईट दिसंल सायेब. तुमचा शौक हाय.”

मोटारसायकलला किक मारता मारता त्यांनी मान वळवली. “मेव्हण्याचा पंप उघडून ठिवलाय. उद्या सकाळी सातला त्येला घिऊन येतो. उठत आसशिला न्हवं?”