फोकस लावा, नाव काढा

बंगला झाला, वास्तुशांत झाली, पंगती उठल्या. आता बाहेरची लायटिंग तेवढी राहिली ना? मग लातूरच्या रिंगरोडपलीकडच्या आमच्या नव्या शेजाऱ्यांचा कित्ता गिरवा.

कंपाऊंडच्या चारी कोपऱ्यांवर दोनशे वॅटचा एकेक फोकस. ‘पन्नासात भागतंय मालक’ म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून वाटेला लावा.

उजेड पांढराफट्ट, 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड पांढरा). 3000 च्या आतला पिवळसर उजेड हवेत कमी विखुरतो, किडेही कमी येतात, पण लोक म्हणतील, यांच्याकडं अजून जुनेच बल्ब.

टायमर, सेन्सर? छे. रात्रभर जळल्याशिवाय ऐपत दिसत नसते.

आता मुख्य गोष्ट. फोकसचं तोंड जमिनीकडं कधीच करू नका, वर टोपी तर मुळीच नको. आडवा धरा, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. चोरांसाठी लावलाय म्हणता? चोराची चंगळच आहे. डोळे दिपले की भिंतीच्या सावलीत कोण उभंय ते दिसत नाही. मोटारसायकलवाल्याला खड्डाही दिसत नाही न् म्हैसही. आमची म्हातारी रात्री दोनला उठून विचारते, उजाडलं का रे? पडदा ओढावा तर ऑक्टोबरचा उकाडा. बरं, आमचं सोडा, बांधाला लागून सोयाबीन आहे. सगळं रान पिवळं पडलं, पानं गळाली, शेंगा वाजायला लागल्या. तुमच्या फोकससमोरची तासं (पिकाच्या ओळी) मात्र हिरवीगार! सोयाबीनला फूल धरायला लांब रात्र लागते, ती तुम्ही ठेवलीच नाही. आता ती तासं उभी ठेवून बाकीचं काढायचं, की हिरव्या शेंगा मळणीयंत्रात घालून आडतीवर ‘दाणा ओला आहे’ ऐकून घ्यायचं?

तिकडं पेंचला गावांतले दिवे खाली वळवले आणि 2024 साली व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या जागेचा, मान मिळाला. वाघ नशीबवान. आम्ही सातबारावाले.

अहो, एक पाना लागतो, दोन नट ढिले करायचे न् तोंड खाली करायचं! उजेड तुमच्याच अंगणात पडेल, निम्म्या वॅटमध्ये भागेल, बिलही कमी येईल. तेवढ्यासाठी तीनदा फाटकावर आलो, तर वॉचमन सांगतो, ‘साहेब झोपलेत.’ झोपणारच! चारी फोकसची पाठ त्यांच्या खिडक्यांकडं आहे.